वाचकांचे प्रश्न : शेलमधली ओळ हाताला बसवताना

या वेळचे बहुतेक प्रश्न एकाच जागेचे आहेत : पायथन, आयपायथन (पायथनचाच वेगळा शेल), नोड (जावास्क्रिप्टचा) किंवा आयआरबी (रूबीचा) उघडल्यावर जी टाइप करायची ओळ समोर येते, तिच्यातले बाण, टॅब, हिस्टरी आणि व्हीआय मोड (व्हीआय एडिटरच्या बटणांनी ओळ दुरुस्त करण्याची पद्धत) आपल्या सवयीप्रमाणे कसे चालवून घ्यायचे. कमांड आणि सेटिंग्ज इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. फाइलीत त्या रोमन लिपीत टाइप करा, अंकही रोमनच, आणि मुद्दाम सांगितले नसेल तर अक्षरे लहान ठेवा.

प्रश्न : माझ्या .इनपुटआरसी फाइलीत व्हीआय मोड कितीतरी वर्षांपासून आहे. पायथन ३.१३ घेतल्यापासून पायथनच्या शेलमध्ये तो चालेनासा झाला. बॅशमध्ये मात्र सगळे ठीक आहे. फाइल तर तीच, मग बिघडले काय?

फाइल ठणठणीत आहे, पायथनकडून ती वाचणारेच कोणी उरलेले नाही. ३.१२ पर्यंत पायथन ओळ वाचण्याचे काम रीडलाइन नावाच्या लायब्ररीकडे सोपवत असे. .इनपुटआरसी ही तिचीच सेटिंग्जची फाइल. बॅशही तेच करते, म्हणून एका फाइलीत दोघांचे भागत होते. ३.१३ मध्ये नवा शेल आला. त्याचा पाया पायपाय प्रकल्पातला पायरेपल हा कोड आहे, आणि तो बटणे स्वतःच वाचतो. .इनपुटआरसीमधली बाइंडिंग्ज (कोणत्या बटणाने काय व्हावे याच्या जोड्या) त्याच्यापर्यंत पोचत नाहीत आणि व्हीआय मोड त्यात नाही.

नव्या शेलचे फायदे खरे आहेत. वरचा बाण दाबला की पूर्ण फंक्शन एका तुकड्यात परत येते आणि त्यातली मधली ओळ दुरुस्त करता येते. एफ१ ने मदत उघडते, एफ२ ने प्रॉम्प्टशिवायची हिस्टरी, एफ३ ने पेस्ट मोड. माझे मत विचाराल तर नवख्या माणसाने नवाच वापरावा. पण बोटांना व्हीआयची सवय असेल तर जुना शेल अजून आत आहे. .बॅशआरसीमध्ये, म्हणजे बॅश उघडताना वाचते त्या फाइलीत, ही ओळ घाला (चलाचे, म्हणजे व्हेरिएबलचे, नाव सगळे मोठ्या अक्षरांत) :

एक्सपोर्ट पायथन_बेसिक_आरईपीएल=१

इथे एक खोच आहे. पायथन फक्त हे चल अस्तित्वात आहे का एवढेच पाहतो, किंमत पाहत नाही. त्यामुळे पुढे कधी नवा शेल परत हवा म्हणून =० लिहिलेत तर जुनाच उघडेल. ओळ काढून टाका किंवा अनसेट करा. तसेच पायथन मोठ्या -ई किंवा मोठ्या -आय पर्यायाने सुरू केला तर पायथनची सगळीच एन्व्हायर्नमेंट चले दुर्लक्षित होतात, त्यात हेही आले.

आपण कोणत्या शेलमध्ये आहोत हे ओळखायला कंसाशिवाय नुसते एक्झिट लिहून एंटर दाबा. बाहेर पडलात तर नवा. कंस घालण्याचा किंवा कंट्रोल-डी दाबण्याचा सल्ला मिळाला तर जुना.

पुढच्या उत्तरांसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. बटण दाबले की ते आधी टर्मिनलच्या खिडकीकडे जाते, ती त्याचे एक किंवा अनेक बाइट करते. ते बाइट कर्नलमधल्या टीटीवाय ड्रायव्हरकडे जातात, तिथून ओळ वाचणाऱ्या लायब्ररीकडे, आणि पुरी झालेली ओळ शेवटी पायथनकडे. .इनपुटआरसीचा हुकूम चालतो तो फक्त तिसऱ्या टप्प्यावर, तोही तिथे रीडलाइन असेल तरच. बटण कुठे अडले ते आधी शोधा, फाइल नंतर उघडा.

प्रश्न : टॅबने नाव पुरे व्हावे म्हणून स्टार्टअप फाइलीत (शेल उघडताना पायथन चालवतो ती) रीडलाइन.पार्स_अँड_बाइंड("टॅब: कम्प्लीट") लिहिले आहे. लिनक्सवर चालते, मॅकवर नाही. दुसरीकडे सापडलेली "बाइंड ^आय आरएल_कम्प्लीट" ही ओळ मॅकवर चालली, पण तीच फाइल लिनक्सवर नेली तर बी हे अक्षरच उमटेना! कीबोर्ड बदलून पाहिला.

कीबोर्डचा काही दोष नाही. रीडलाइन मॉड्यूल या एकाच नावामागे दोन वेगळ्या लायब्ररी असू शकतात. एक गनू रीडलाइन, दुसरी बीएसडी घराण्यातली लिबएडिट. मॅकओएसबरोबर लिबएडिट येते आणि पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरचा मॅक इन्स्टॉलर तीच वापरतो. होमब्रू या पॅकेज मॅनेजरचा पायथन गनू रीडलाइनवर बांधलेला असतो. म्हणजे एकाच मॅकवर दोन पायथन दोन तऱ्हांनी वागू शकतात.

दोघींच्या सेटिंगचे व्याकरण वेगळे. गनूचे व्याकरण असे की आधी बटणाचे नाव, मग विसर्गासारखे : हे चिन्ह किंवा मोकळी जागा, मग फंक्शनचे नाव. तिला तुम्ही "बाइंड ^आय आरएल_कम्प्लीट" दिलेत की ती "बाइंड" हेच बटणाचे नाव समजते. त्या नावाचे बटण तिला माहीत नसते, तेव्हा ती शब्दाचे पहिले अक्षर उचलते, म्हणजे बी. पुढचे "^आय" हे फंक्शनचे नाव समजून शोधते, तसे फंक्शन सापडत नाही, आणि बी हे बटण कशालाच न जोडलेले होऊन बसते. एररही दाखवत नाही.

उपाय म्हणजे ओळ देण्याआधी विचारून घेणे. पायथन ३.१३ पासून रीडलाइन.बॅकएंड हे नाव "रीडलाइन" किंवा "एडिटलाइन" यांपैकी एक उत्तर देते. त्याआधीच्या आवृत्त्यांत मॉड्यूलच्या डॉकस्ट्रिंगमध्ये "लिबएडिट" हा शब्द आहे का ते तपासा :

इफ "लिबएडिट" इन रीडलाइन.__डॉक__:
    रीडलाइन.पार्स_अँड_बाइंड("बाइंड ^आय आरएल_कम्प्लीट")
एल्स:
    रीडलाइन.पार्स_अँड_बाइंड("टॅब: कम्प्लीट")

^ हे टोपीचे चिन्ह आणि मोठा आय, अशी दोन वेगळी अक्षरे टाइप करायची आहेत, कंट्रोल दाबायचा नाही. खरे तर पायथन ३.४ पासून टॅब आणि हिस्टरी दोन्ही शेल उघडताना आपोआप लागतात. त्यामुळे स्टार्टअप फाइलीतली ही ओळ बहुतेकांना मुळी नकोच आहे. काढून पाहा.

लिबएडिटची कायमची सेटिंग्ज .एडिटआरसी या फाइलीत जातात. तिथे "बाइंड -व्ही" म्हणजे व्हीआय आणि "बाइंड -ई" म्हणजे ईमॅक्स. ओळीच्या सुरुवातीला प्रोग्रामचे नाव आणि विसर्ग दिला, जसे "पायथन:बाइंड -व्ही", तर ती ओळ तेवढ्या प्रोग्रामपुरती लागते.

प्रश्न : सर्व्हरवर पायथन ३.११ सोर्समधून बांधला. वरचा बाण दाबला की मागची ओळ येण्याऐवजी ^[[ए असे काहीतरी उमटते.

तिसरा टप्पाच गायब आहे. ^[[ए म्हणजे वरच्या बाणाचे कच्चे बाइट. ते ओळखणारी लायब्ररी नाही, म्हणून जसेच्या तसे पडद्यावर येतात. शेलमध्ये इम्पोर्ट रीडलाइन करून पाहा, मॉड्यूल सापडत नाही असा एरर येईल.

बांधणी करताना रीडलाइनच्या हेडर फाइल मशीनवर नसतील तर पायथन हे मॉड्यूल सोडून पुढे जातो. बांधणी थांबत नाही, शेवटी न बनलेल्या मॉड्यूलच्या यादीत एवढे नाव छापले जाते, आणि ती यादी कोणी वाचत नाही. डेबियन आणि उबुंटूवर लिबरीडलाइन-डेव्ह, फेडोरावर रीडलाइन-डेव्हेल हे पॅकेज टाका, मग कॉन्फिगरपासून पुन्हा बांधा. नुसते पॅकेज टाकून भागत नाही, मॉड्यूल नव्याने कंपाइल व्हावे लागते. पायएन्व्हने बांधत असाल तरी हेच. तोवर बाहेरून रीडलाइन जोडून देणारी आरएलरॅप ही कमांड वापरून आरएलरॅप पायथन३ असे सुरू केल्यास बाण आणि हिस्टरी मिळतील, टॅबला पायथनची नावे मात्र मिळणार नाहीत.

प्रश्न : ओळीची पहिली चार-पाच अक्षरे लिहून वरचा बाण दाबला की त्याच अक्षरांनी सुरू होणाऱ्या जुन्या ओळी याव्यात. शिवाय टॅब दोनदा दाबायला लागू नये आणि बीप बंद व्हावी. एखादी तयार .इनपुटआरसी द्याल का?

ही घ्या. बॅश, जुना पायथन शेल, जीडीबी, पीएसक्यूएल अशा रीडलाइनवर चालणाऱ्या सगळ्यांना ती लागते :

$इन्क्लूड /ईटीसी/इनपुटआरसी
सेट शो-ऑल-इफ-अँबिग्युअस ऑन
सेट कम्प्लीशन-इग्नोर-केस ऑन
सेट बेल-स्टाइल नन
"\ई[ए": हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड
"\ई[बी": हिस्टरी-सर्च-फॉरवर्ड
"\ई[१;५सी": फॉरवर्ड-वर्ड
"\ई[१;५डी": बॅकवर्ड-वर्ड
$इफ पायथन
"\सी-एक्सपी": "प्रिंट()\सी-बी"
$एंडइफ

अक्षरांच्या आकाराकडे लक्ष द्या. \ई मधला ई लहान. चौकटी कंसानंतरचे ए, बी, सी, डी मोठे. \सी- मधला सी मोठाच हवा, लहान लिहिल्यास रीडलाइन त्याला कंट्रोल समजत नाही. त्यापुढची अक्षरे लहान.

पहिली ओळ वगळू नका. तुमची स्वतःची .इनपुटआरसी नसते तेव्हाच रीडलाइन /ईटीसी मधली फाइल वाचते. तुम्ही आपली फाइल बनवली की ती आपोआप बाद होते, आणि काही वितरणांत होम, एंड, डिलीट या बटणांची बाइंडिंग्ज तिच्यातच असतात. "फाइल केली आणि होम बटण गेले" ही तक्रार इथून येते.

कम्प्लीशन-इग्नोर-केस बॅशमध्ये फाइलींच्या नावांसाठी उत्तम चालते. पायथनमध्ये तिचा परिणाम दिसणार नाही, कारण तिथे टॅबची यादी रीडलाइन बनवत नाही. आरएलकम्प्लिटर हे पायथनचे मॉड्यूल बनवते आणि ते अक्षरे जशीच्या तशी जुळवते.

$इफ मधली ओळ म्हणजे मॅक्रो आहे. कंट्रोल-एक्स आणि मग पी दाबले की प्रिंट आणि दोन कंस उमटतात, कर्सर एक घर मागे कंसांच्या आत जातो. $इफ पायथन असल्याने बॅशमध्ये हे लागत नाही.

बाण तरीही जुमानत नसतील तर बॅशच्या प्रॉम्प्टवर कंट्रोल-व्ही दाबा आणि लगेच तो बाण दाबा. टर्मिनल नेमके काय पाठवते ते छापून येईल. ^[ दिसेल त्या जागी \ई लिहायचे, बाकी जसेच्या तसे. काही वेळा ^[[ए ऐवजी ^[ओए मिळते, कारण टर्मिनल ॲप्लिकेशन मोडमध्ये असते. दोन्ही ओळी फाइलीत ठेवायला काही हरकत नाही. टीमक्स किंवा स्क्रीन (एका टर्मिनलात अनेक सत्रे चालवणारे प्रोग्राम) यांच्या आत काम करत असाल तर ही तपासणी आतच करा, बाहेरचे उत्तर आत लागू पडेलच असे नाही.

फाइल बदलल्यावर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-आर दाबले की ती पुन्हा वाचली जाते. पण पुन्हा वाचणे म्हणजे आधीचे पुसणे नव्हे. फाइलीतून काढलेली ओळ चालू सत्रात शेवटपर्यंत लागूच राहते. काही काढले असेल तर नवी खिडकी उघडून पाहा, नाहीतर भलत्याच ओळीवर संशय जातो.

प्रश्न : कंट्रोल-आर ने हिस्टरीत मागे शोधता येते. पुढे यायला कंट्रोल-एस दाबला की टर्मिनल गोठते. आणि कंट्रोल-डब्ल्यू बॅकवर्ड-किल-वर्डला जोडला तरी तो पहिल्यासारखाच सगळे खाऊन टाकतो.

दोन्ही तक्रारी दुसऱ्या टप्प्याच्या, टीटीवाय ड्रायव्हरच्या.

कंट्रोल-एस हा ड्रायव्हरसाठी "छापणे थांबव" असा इशारा आहे. तो तिथेच गिळला जातो. गोठलेले टर्मिनल कंट्रोल-क्यू ने सुटते, आणि दरम्यान टाइप केलेली बटणे तेव्हा एकदम येऊन आदळतात. कायमचा उपाय म्हणजे .बॅशआरसीमध्ये एसटीटीवाय -आयएक्सऑन. ही ओळ शेल इंटरॅक्टिव्ह आहे की नाही ते तपासणाऱ्या भागाच्या आत ठेवा. उघडी ठेवली तर टर्मिनल नसलेल्या जोडणीत एसटीटीवाय एरर छापू लागते.

कंट्रोल-डब्ल्यूचे दुखणे जास्त छुपे आहे. इरेज, किल, वर्ड-इरेज ही ड्रायव्हरची खास बटणे रीडलाइन प्रत्येक ओळ सुरू करताना विचारून घेते आणि स्वतःच्या तशाच फंक्शनांना जोडते. तुमचे बाइंडिंग वाचले गेले होते, मग त्यावर हे लिहिले गेले. आधी ती सवय बंद करा :

सेट बाइंड-टीटीवाय-स्पेशल-कॅर्स ऑफ
"\सी-डब्ल्यू": बॅकवर्ड-किल-वर्ड

फरक कुठे पडतो ते पाहा. ओळीवर डेटा.ग्रुप.फर्स्ट_नेम आहे आणि कर्सर शेवटी आहे. मूळचा कंट्रोल-डब्ल्यू मागच्या मोकळ्या जागेपर्यंत सगळे पुसतो, म्हणजे पूर्ण शब्दमाळ गेली. बॅकवर्ड-किल-वर्ड फक्त अक्षरे आणि अंक यांना शब्द मानतो, म्हणून पहिल्यांदा नेम जाते, दुसऱ्यांदा फर्स्ट_. प्रोग्रामिंगसाठी हेच सोयीचे. फाइलीला हात लावायचा नसेल तर ऑल्ट-बॅकस्पेस मुळातच हे काम करतो. मॅकच्या टर्मिनलमध्ये त्यासाठी ऑप्शन हे बटण मेटा म्हणून वापरण्याची सेटिंग चालू करावी लागते.

प्रश्न : पायथनचा प्रॉम्प्ट हिरवा केला. लांब ओळ लिहिली की ती खालच्या ओळीवर जाण्याऐवजी स्वतःवरच लिहिली जाते.

रंगाचे बाइट पडद्यावर दिसत नाहीत, पण रीडलाइन ते मोजते. हिरव्यासाठी \०३३[१;३२एम हे ७ बाइट आणि रंग परत घेण्यासाठी \०३३[०एम हे ४. दिसणारा प्रॉम्प्ट ४ घरांचा, पण हिशेबात तो १५ घरांचा धरला जातो. ओळ कुठे मोडायची याचा अंदाज ११ घरांनी चुकतो, आणि कर्सर भलतीकडे उडी मारतो.

न दिसणाऱ्या प्रत्येक तुकड्याच्या आधी \००१ आणि नंतर \००२ ठेवा. या दोन चिन्हांमधले काही मोजायचे नाही असा त्यांचा अर्थ :

सिस.पीएस१ = "\००१\०३३[१;३२एम\००२>>> \००१\०३३[०एम\००२"

ही ओळ, आधी इम्पोर्ट सिस लिहून, पायथनस्टार्टअप (मोठी अक्षरे) या चलात पत्ता दिलेल्या फाइलीत घाला. पीएस२ ला रंग दिला असेल तर त्यालाही हेच लावा. बॅशच्या प्रॉम्प्टमध्ये \[ आणि \] लिहितात त्यांचे आतून हेच रूपांतर होते, पण पायथनला ते रूप कळत नाही. तिथून नक्कल करून आणलेला प्रॉम्प्ट म्हणूनच फसतो.

प्रश्न : दोन खिडक्यांत पायथन (३.१२) चालू असतो. एकीची हिस्टरी कायम हरवते.

जो शेल शेवटी बंद होतो त्याचीच हिस्टरी उरते. बंद होताना पायथन .पायथन_हिस्टरी ही पूर्ण फाइल स्वतःजवळच्या यादीने नव्याने लिहितो. दुसऱ्या खिडकीने मध्ये काय लिहिले होते याची त्याला दाद नसते.

रीडलाइनमध्ये अपेंड_हिस्टरी_फाइल हे फंक्शन पायथन ३.५ पासून आहे. स्टार्टअप फाइलीत क्रम असा ठेवा. नवी हिस्टरी फाइल वाचा. ती नसेल तर रिकामी बनवा, कारण अपेंड करताना फाइल आधीपासून असावीच लागते. मग गेट_करंट_हिस्टरी_लेंग्थ ने आताची लांबी एका चलात घ्या. ॲटएक्झिट या, बाहेर पडताना कामे चालवणाऱ्या मॉड्यूलला एक फंक्शन जोडा. त्यात पुन्हा लांबी विचारा, दोन्हींतली वजाबाकी म्हणजे या सत्रातल्या ओळी, आणि तेवढ्याच ओळी अपेंड करा. फाइल फुगू नये म्हणून अपेंड करण्याआधी सेट_हिस्टरी_लेंग्थ(१००००) द्या. काही न दिल्यास मर्यादा नसते.

पायथनची स्वतःची "पूर्ण फाइल लिही" ही सवय मध्ये येणार नाही का, अशी शंका रास्त आहे. येत नाही. स्टार्टअप फाइल आधी चालते, त्यानंतर पायथन पाहतो की हिस्टरीत काही आहे का, आणि यादी रिकामी असेल तरच आपली फाइल वाचतो व शेवटी लिहिण्याची नोंद करतो. अपवाद फक्त पहिल्या वेळेचा. तेव्हा तुमची नवी फाइल रिकामी असल्याने जुनी .पायथन_हिस्टरी वाचली जाते आणि ती सगळी नव्या फाइलीत उतरते. बहुतेकांना हे हवेच असते.

पासवर्ड किंवा टोकन शेलमध्ये थेट टाइप करू नका. ते साध्या मजकुराच्या रूपात डिस्कवर जाते. गेटपास मॉड्यूलने विचारून घ्या.

प्रश्न : आयपायथनमध्ये व्हीआय मोड लावायचा आहे. .इनपुटआरसीचा उपयोग होत नाही. आणि एस्केप दाबल्यावर मोड बदलायला वेळ लागतो.

आयपायथनने ५.० या आवृत्तीत, २०१६ साली, रीडलाइन सोडून प्रॉम्प्ट टूलकिट ही दुसरी लायब्ररी घेतली. आयपायथन प्रोफाइल क्रिएट ही कमांड एकदा चालवा. होममधल्या .आयपायथन/प्रोफाइल_डिफॉल्ट या फोल्डरात आयपायथन_कॉन्फिग.पीवाय तयार होईल. तिच्यात :

सी.टर्मिनलइंटरॅक्टिव्हशेल.एडिटिंग_मोड = 'व्हीआय'
सी.टर्मिनलइंटरॅक्टिव्हशेल.टाइमआउटलेन = ०.२५

टर्मिनल, इंटरॅक्टिव्ह, शेल या तिघांचे आद्याक्षर मोठे, मध्ये जागा नाही.

उशीर होतो कारण एस्केपचा बाइट आणि बाणाच्या बाइट-मालिकेची सुरुवात एकच आहे. एस्केप मिळाल्यावर "पुढे काही येते का" म्हणून प्रत्येक टप्पा थोडा थांबतो. आयपायथनच्या टाइमआउटलेनची मूळ किंमत अर्धा सेकंद आहे, रीडलाइनच्या कीसेक-टाइमआउटची ५०० मिलिसेकंद. टीमक्समध्ये असाल तर त्याचा स्वतःचा एस्केप-टाइमही भर घालतो. जुन्या आवृत्त्यांत तोही ५०० आहे, तो १० वर आणा. एकदम शून्य केलेत तर हळू जोडणीवर बाणाचे बाइट तुटून येतात, पहिला बाइट एस्केप समजला जातो आणि उरलेली अक्षरे ओळीत सांडतात.

कर्सरपुढे करड्या रंगात दिसणाऱ्या सूचना नको असतील तर त्याच फाइलीत सी.टर्मिनलइंटरॅक्टिव्हशेल.ऑटोसजेशन्स_प्रोव्हायडर = नन लिहा (नन मधला पहिला एन मोठा). एफ२ ने चालू मजकूर बाहेरच्या एडिटरात उघडतो, दहा-पंधरा ओळींच्या पुढे तोच मार्ग बरा.

प्रश्न : शेलमध्ये मराठी स्ट्रिंग टाइप करताना कधी \३४०\२४४ असे आकडे येतात, कधी कर्सर अक्षराच्या मध्येच बसतो.

आकडे येण्याला पक्का उपाय आहे. लोकेल चारमॅप ही कमांड चालवा (लोकेल म्हणजे भाषा आणि अक्षरसंच यांची सेटिंग). उत्तर यूटीएफ-८ नसेल तर रीडलाइन प्रत्येक बाइट सुटा धरते. म हे अक्षर तीन बाइटांचे आहे, ते \३४०\२४४\२५६ असे दिसते. एसएसएचने गेलेल्या सर्व्हरवर किंवा कंटेनरमध्ये हे हमखास होते. लँग हे चल (मोठ्या अक्षरांत) सी.यूटीएफ-८ (हेही मोठ्या अक्षरांत) किंवा तिथे असलेल्या दुसऱ्या यूटीएफ-८ लोकेलवर ठेवा, आणि शेल नव्याने उघडा. लोकेल -ए ने उपलब्ध लोकेलची यादी मिळते.

कर्सरचे मात्र पूर्ण समाधान होत नाही. कोणते अक्षर किती घरे व्यापते याचा तक्ता रीडलाइनकडे सी लायब्ररीतून येतो. टर्मिनलचा स्वतःचा तक्ता वेगळा, आणि फॉन्ट जोडाक्षर आपल्या मर्जीने जुळवतो. क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष असे तीन कोडपॉइंट. पायथनची लेन त्याला ३ म्हणते, लायब्ररी बहुधा दोन घरे मोजते, पडद्यावर एकच आकृती दिसते. तिघांचे जमले नाही की कर्सर मागेपुढे दिसतो. आतली स्ट्रिंग बहुतेक वेळा बरोबरच असते, चुकते ते फक्त दाखवणे. कंट्रोल-एल दाबून ओळ पुन्हा रंगवून घ्या. लांब मराठी मजकूर ओळीतच दुरुस्त करत बसू नका. बॅशमध्ये कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई आणि आयपायथनमध्ये एफ२ दाबले की तीच ओळ एडिटरात उघडते.

प्रश्न : नोड, आयआरबी आणि जीएचसीआय (हॅस्केल भाषेचा शेल) यांपैकी कोण .इनपुटआरसी मानते?

आयआरबी मानते. रूबी २.७ पासून त्यात रीलाइन ही रूबीतच लिहिलेली लायब्ररी आहे आणि ती .इनपुटआरसी वाचते. टाइप करताना खाली उघडणारी नावांची यादी त्रास देत असेल तर .आयआरबीआरसीमध्ये आयआरबी.कॉन्फ[:यूज_ऑटोकम्प्लीट] = फॉल्स लिहा (आयआरबी आणि यूज_ऑटोकम्प्लीट मोठ्या अक्षरांत, कॉन्फ आणि फॉल्स लहान).

नोड मानत नाही, त्याची ओळ वाचणारी यंत्रणा स्वतःची आहे. नोड_आरईपीएल_हिस्टरी_साइज या चलाने (मोठी अक्षरे) ओळींची संख्या बदलते, मूळची १००० आहे. अनेक ओळी लिहायच्या असतील तर .एडिटर टाइप करा आणि कंट्रोल-डी ने संपवा. नोडला व्हीआय मोड हवाच असेल तर नोड_नो_रीडलाइन=१ (चल मोठ्या अक्षरांत) देऊन आरएलरॅपमधून चालवा. हे चल दिले नाही तर दोन संपादक एकाच ओळीवर झोंबतात.

जीएचसीआयमध्ये ओळ वाचायला हॅस्कलाइन ही लायब्ररी असते. होममध्ये .हॅस्कलाइन फाइल बनवून तिच्यात एडिटमोड: व्हीआय लिहा, एडिटमोडमधला एम आणि व्हीआयमधला व्ही मोठा.